पिवळ्या भिंतकागदामागची बाई
भयकथेतली बाई म्हणजे किंचाळणारी नाही तर झपाटणारी, असं वाटत असेल तर शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ वाचाच. ही अमेरिकन कथा १८९२ साली छापून आली.

नायिका नुकतीच बाळंत झालेली, मनाने खचलेली. डॉक्टर नवरा तिला हवापालटासाठी एका जुन्या वाड्यात आणतो आणि माडीवरच्या खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, लिहायची बंदी. हळूहळू तिला भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीमागे एक बाई सरपटताना दिसू लागते.

मला भीती वाटते ती नवऱ्याच्या मायाळू बोलण्याची. तो मारत नाही, ओरडत नाही. लाडाने समजावतो, आणि त्यामुळे त्याचा प्रत्येक नकार शहाणपणाचा वाटतो!

ही लिहायची बंदी निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. १८८७ मध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी खुद्द गिलमन यांना सक्तीची विश्रांती देऊन, पुन्हा कधी लेखणीला हात लावू नका, असं बजावलं होतं.

१९७३ मध्ये ‘फेमिनिस्ट प्रेस’ने एलेन हेजेस यांच्या टिपणासह ही कथा पुन्हा छापली आणि स्त्रीवादी वाचनाला जोर आला. गिलमन यांचे वंशविषयक विचार मात्र आज पटण्यासारखे नाहीत. स्त्रीवादी समीक्षकांनी तेही लपवलेलं नाही.

कथा स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, इंटरनेटवर मोफत मिळते. तासाभरात संपते. वाचून नवऱ्याबद्दल काय वाटलं, ते नक्की लिहा.