फुलीचा टाका : आपल्यासाठी एक तास

बचतीचे हप्ते आणि कर्जफेड आज बाजूला ठेवू. आज बोलायचंय सुईदोऱ्याबद्दल, त्यातही फुलीच्या टाक्याबद्दल. दुकानात आपण त्याला क्रॉस स्टिच म्हणतो.

भरतकाम आपल्याला नवं नाही. रुखवतात मांडलेलं तोरण, ताटावरचा रुमाल, काचेच्या चौकटीतली हंसाची जोडी हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी लग्नाआधी केलेलं आहे. पण ते काम पाहुण्यांनी बघावं आणि ‘पोरीच्या हातात कला आहे’ असं म्हणावं यासाठी होतं. लग्न झालं, रुखवत पेटीत गेलं, आणि सुई उरली ती बटण लावायला आणि उसवलेलं शिवायला. तीच सुई आता स्वतःच्या आवडीसाठी हातात कशी घ्यायची, ते आज बघू.

फुलीचा टाका म्हणजे दोन तिरके टाके एकमेकांवर. अशा शेकडो फुल्या शेजारी-शेजारी बसल्या की त्यांतून मोर उमटतो, कोयरी उमटते. हे काम शहरातल्या पुस्तकांतून आलेलं आहे असं समजू नका. धारवाड-हुबळीकडे कशिदा करतात, त्याला कसुती म्हणतात. त्यातल्या चार मुख्य टाक्यांपैकी एक म्हणजे मेंथी, आणि तो आपला फुलीचाच टाका. मेंथी म्हणजे मेथी. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या बायका जी इरकल नेसतात, तिच्यावर ही कसुती भरलेली असते. तुळशीवृंदावन, गोपूर, हत्ती, रथ, पालखी असे तिचे नमुने. कापडावर आधी पेन्सिलीने काहीही काढायचं नाही. साडीचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि मोजणीवरच सगळं चित्र उभं करायचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी हा हिशेब पिढ्यान् पिढ्या डोक्यात ठेवला.

आपल्याला इतकं बारीक मोजावं लागणार नाही. आपण मॅटीचं कापड घेऊ. त्यात विणतानाच चौकोन पडलेले असतात. सुरुवातीला मोठ्या चौकोनांचं कापड मागा. दोरा सहा पदरी, भरतकामाचा. एका लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो. सहाही पदर एकदम ओवायचे नाहीत. बारीक मॅटीला दोन आणि जाड मॅटीला तीन पदर पुरतात. सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची घ्या. टोकदार सुई कापडाचे धागे चिरत जाते, बोथट सुई आपोआप भोकात शिरते. दोरा एक हात तोडा, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. लांब दोऱ्याने काम लवकर होईल असं वाटतं, पण तो गुंततो आणि त्याला फुसके सुटतात.

आता टाका. पहिल्या चौकोनाच्या खालच्या डाव्या भोकातून सुई वर काढा आणि वरच्या उजव्या भोकात खाली घाला. अर्धी फुली झाली. अशाच अर्ध्या फुल्या डावीकडून उजवीकडे ओळभर घाला. मग परत फिरा. येताना खालच्या उजव्या भोकातून वर आणि वरच्या डाव्या भोकात खाली. फुली पुरी झाली. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेचा हवा. काही फुल्यांचा वरचा टाका डावीकडे आणि काहींचा उजवीकडे गेला, तर एकाच रंगाचा दोरा दोन रंगांचा दिसतो.

गाठ मारू नका. सुरुवातीला दोन इंच दोरा मागे सोडा आणि पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून घ्या. संपवताना सुई मागच्या टाक्यांखालून ओवून दोरा कापा. गाठी मारल्या तर इस्त्री केल्यावर पुढून उंचवटे दिसतात.

पहिला नमुना मी तोंडीच सांगते, लिहून घ्या. एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक. पहिल्या ओळीत एक फुली. तिच्या खाली तीन, मग पाच, मग सात. तिथून पुन्हा पाच, तीन, एक. प्रत्येक ओळ मधोमध धरायची. झाला शंकरपाळा, एकूण पंचवीस फुल्यांचा. सातच्या ओळीतली मधली, म्हणजे चौथी फुली पिवळी घाला आणि बाकी लाल. एक चौकोन सोडून शेजारी दुसरा शंकरपाळा भरा. असे भरत गेलात की काठ तयार होतो.

कापड किती लागेल? टेप ठेवून एका इंचात किती चौकोन बसतात ते मोजा. समजा १० बसले आणि नमुना ६० चौकोनांचा आहे, तर नमुना ६ इंचांचा होणार. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले की कापड १० इंच. चित्र मोठं असेल तर कापडाची चौघडी घालून मध्य काढा आणि तिथून सुरू करा. दर १० चौकोनांवर साधा धावदोरा घालून ठेवला तर मोजणी चुकत नाही. काम झालं की तो ओढून टाकायचा.

नमुन्याची पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. मुलांची जुनी चौकटीची वही घ्या. आपण दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो, तेव्हा मोजतोच ना? एक चौकट म्हणजे एक फुली, इतकं ठरवलं की तुळस, कमळ, पाळणा, काय हवं ते काढता येतं.

दोन सूचना. लाल, काळा दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, रंग जातो का. आणि इस्त्री नेहमी मागच्या बाजूने, खाली टॉवेल घालून करा.

आता डोळ्यांचं. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणं जड जातं, जवळचं अंधूक दिसतं. म्हणून काही जणी भरतकाम सोडून देतात. डोळे तपासून घ्या. बहुतेक वेळा जवळच्या चष्म्याने काम भागतं. दिवसाउजेडी ओसरीवर बसा. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे बघा. उठताना सुई चिंधीत टोचून ठेवा, घरात रांगतं लेकरू असलं तर ती मोजूनच ठेवा.

शेवटचा मुद्दा माझ्या कामाशी जोडलेला आहे. गटाच्या बैठकीत कुणी आपलं भरतकाम दाखवलं की पहिला प्रश्न येतो, ‘हे विकायला का ठेवत नाहीस?’ प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो. पण हिशेब करून बघू. ६० बाय ६० चौकोनांचं भरलेलं चित्र म्हणजे ३,६०० फुल्या. मिनिटाला पाच घातल्या तरी १२ तास झाले. आठ तासांच्या कामाने मोजलं तर दीड दिवसाची मजुरी. त्यावर कापड, दोरा आणि चौकट. इतकी किंमत देणारं गिऱ्हाईक बाजारात सहज मिळत नाही, आणि निम्म्या किमतीत दिलं तर आपणच आपली मजुरी कापली. कुणी मागणी दिलीच तर तास लिहून ठेवा आणि त्यावरून भाव सांगा. दिवाळीच्या विक्रीसाठी गटाला पापड-लोणची आहेत, पिशव्यांची शिलाई आहे. तिथे मेहनतीचा दाम मिळतो.

भरतकाम विकलं गेलं नाही म्हणून ते वाया गेलं असं मात्र मानू नका. घरी कुणी म्हणेल, ‘रिकामपणाचे उद्योग.’ पारावर तास-तास पत्ते कुटणाऱ्यांना कोणी हिशेब मागत नाही. बाईचा दिवस पाण्याने सुरू होतो आणि भांड्यांवर संपतो. त्यातली सगळी कामं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागतात. भाकरी खाऊन संपते, सारवलेलं उखणतं. काल घातलेली फुली मात्र आजही जागेवर असते, आणि आज तिच्यापुढे दुसरी बसते. शिवाय मोजताना मन तिथंच लागतं. सातपर्यंत मोजायचं तर उद्याची चिंता तेवढा वेळ बाजूला ठेवावीच लागते.

तेव्हा दुपारची भांडी झाल्यावरचा, रोज नाही जमला तरी आठवड्यातून दोनदा, एक तास ठरवून घ्या. सासूबाईंना, मुलीला सोबत घ्या. सासूबाईंना जुने टाके आठवत असतील तर त्यांच्याकडून शिकून घ्या, कारण ते कुठं लिहून ठेवलेले नाहीत. पुढच्या बैठकीला शंकरपाळ्याचा काठ घेऊन या. दर सांगायचा नाही, नुसता एकमेकींना दाखवायचा.

पुढच्या भागात गोधडीच्या धावदोऱ्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.