सिनेमा पाहून इटालियन येतं का? सबटायटल, संभाषण आणि माझा वितळलेला डबा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ माझ्या टेबलापाशी आले आणि इटालियनमध्ये एक वाक्य बोलले. त्यातले दोन शब्द मला कळले. ‘लुनेदी’ म्हणजे सोमवार, ‘कोन्जेलातोरे’ म्हणजे फ्रीझर. मधलं ‘ज़्ब्रिनियामो’ काही कळलं नाही. मी हसून ‘सी, सी’ म्हटलं, म्हणजे ‘हो, हो’. सोमवारी दुपारी फ्रीझर उघडा, बंद आणि पुसलेला होता. त्यांनी सांगितलं होतं की सोमवारी डीफ्रॉस्ट करणार आहोत. बाकीच्यांनी आपापले डबे हलवले होते. माझा डबा आतच राहिला. तीन आठवडे शुद्ध केलेलं प्रथिन कोमट पाण्यात गेलं. चूक पूर्ण माझी.

आता गंमत अशी की इटलीत यायच्या आधी पुण्यात बसून मी वीसेक इटालियन सिनेमे पाहिले होते. सगळे इंग्रजी सबटायटल लावून. ‘लाद्री दि बिचिक्लेत्ते’ (1948) पाहिला, ‘ला वीता ए बेल्ला’ (1997) पाहिला. मला वाटायचं, कान तयार होतोय. डब्याच्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी केल्या. संध्याकाळच्या इटालियन वर्गाला नाव घातलं आणि सवयीप्रमाणे पेपर शोधायला बसले. तुमच्यापैकी जे पीएचडीसाठी परदेशी जायच्या तयारीत आहेत, त्यांना दोन्हींचा उपयोग होईल.

पहिला पेपर 2009 चा, मिट्टेरर आणि मॅक्वीन यांचा. रचना इतकी साधी आहे की संशोधन पद्धतीच्या तासाला शिकवावी. इंग्रजी चांगलं येणारे डच लोक घेतले. त्यांना अनोळखी ढंगाचं इंग्रजी ऐकवलं, काहींना स्कॉटिश, काहींना ऑस्ट्रेलियन. काहींना डच सबटायटल, काहींना इंग्रजी सबटायटल आणि काहींना सबटायटलच नाही. नंतर सगळ्यांना छोटे तुकडे ऐकवून म्हटलं, जे ऐकलं ते पुन्हा बोला. यातले काही तुकडे त्यांनी आधी पाहिलेल्या भागातले होते, काही त्याच पात्रांचे पण नवे.

इंग्रजी सबटायटलवाल्यांना जुने तुकडेही चांगले जमले आणि नवेही. डच सबटायटलवाल्यांना जुन्या तुकड्यांत थोडा फायदा झाला. पण नव्या तुकड्यांत ते सबटायटल न पाहिलेल्यांपेक्षाही मागे पडले. कारण असं दिलं आहे: जी भाषा कानावर पडते तीच डोळ्यांसमोर असेल, तर मेंदू आवाज आणि शब्द यांची जोडी लावतो आणि तो उच्चार पुढच्या वेळी ओळखतो. दुसऱ्या भाषेत अर्थ आयता मिळाला की ही जोडी लागत नाही.

इथे थांबा. हा पेपर वाचून ‘मातृभाषेतली सबटायटल वाईट’ असं पटकन लिहू नका. मीही माझ्या वहीत आधी तेच लिहिलं होतं! त्या लोकांना इंग्रजी आधीच येत होतं. मोजलं काय, तर अनोळखी उच्चार ओळखण्याची क्षमता. शून्यातून भाषा शिकणं मोजलेलंच नाही. ज्याला दहाच शब्द येतात, त्याला इटालियन सबटायटल लावून दिली तर तो दोन ओळींत दमेल. पेपर वाचताना निष्कर्षाआधी ‘मोजलं नेमकं काय?’ हा प्रश्न विचारायचा, ही सवय मला याच पेपरने लावली.

वर्गात आमची शिक्षिका पूर्ण सिनेमा दाखवत नाही. तीन-चार मिनिटांचा तुकडा घेते. आधी आवाज बंद करून: कोण कोणावर चिडलंय, ओळखा. मग आवाजासह, मग इटालियन सबटायटलसह. शेवटी सबटायटल काढून आम्ही दोघादोघांनी तोच प्रसंग बोलून दाखवायचा. आमचा सगळ्यात जास्त वापरलेला सिनेमा म्हणजे पाओलो जेनोवेझेचा ‘पेर्फेत्ती स्कोनोश्युती’ (2016). सात मित्र जेवायला बसतात आणि आपापले फोन टेबलावर उघडे ठेवतात. (हिंदीतला 2024 चा ‘खेल खेल में’ याच कथेवरचा.) जवळजवळ सगळा सिनेमा एकाच जेवणाच्या टेबलाभोवती, म्हणजे बोलणं भरपूर, आणि तेही एकमेकांना तोडत. सायकलचोराच्या सिनेमात मला सगळं ‘समजत’ होतं, कारण बापलेकाच्या चेहऱ्यांवरच निम्मी गोष्ट कळते. भाषेला काही कामच उरलं नव्हतं.

जोशात एकदा मी विस्कोन्तीचा ‘ला तेर्रा त्रेमा’ (1948) सुचवला. शिक्षिका खूप हसली. त्यातले कोळी सिसिलियन बोलतात, आणि खुद्द इटालियन प्रेक्षकांसाठी त्याला इटालियन निवेदन जोडावं लागलं होतं. तेव्हा सिनेमा निवडताना त्यात नेमकं काय बोललं जातंय ते आधी बघा.

‘मागारी’ या शब्दाचं उदाहरण घ्या. (आपल्या ‘माघारी’शी संबंध नाही.) शब्दकोशात ‘कदाचित’ असा अर्थ मिळतो. पण वर्गात कुणी विचारलं, ‘सुट्टीत घरी जाणार का?’ आणि उत्तर नुसतं ‘मागारी!’ आलं, तर त्याचा अर्थ ‘तसं झालं तर काय हवं होतं!’ असा होतो. हा फरक सुराचा आहे. तो ऐकावा लागतो आणि मग स्वतः चुकीच्या जागी वापरून हसं करून घ्यावं लागतं.

नुसतं ऐकून का भागत नाही, यावर रिचर्ड श्मिट यांचं काम वाचा. ते स्वतः भाषाशास्त्रज्ञ, ब्राझीलमध्ये राहून पोर्तुगीज शिकले. रोजनिशी ठेवली, संभाषणं ध्वनिमुद्रित केली आणि 1986 मध्ये सिल्व्हिया फ्रोता यांच्यासोबत ते प्रसिद्ध केलं. आजूबाजूला सतत बोलली जाणारी काही रूपं त्यांना लक्ष जाईपर्यंत जणू ऐकूच आली नव्हती. एकदा लक्ष गेलं की ती सगळीकडे ऐकू यायला लागली. माझ्या वीस सिनेमांत ‘ज़्ब्रिनारे’ नसेलही कदाचित, पण ‘चोए’ (म्हणजे, अर्थात) शेकडो वेळा आला असणार. मला तो वर्गात पहिल्यांदा ऐकू आला.

दुसरं, चूक कशी दुरुस्त होते ते. लिस्टर आणि रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं. शिक्षक बहुतेक वेळा काय करतात, तर मुलाचं चुकीचं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात आणि पुढे जातात. निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशाच होत्या. पण मुलांनी त्यांतल्या जेमतेम एक-तृतीयांश दुरुस्त्यांना काही प्रतिसाद दिला. ‘पुन्हा सांग बरं?’ असं म्हणून मुलाकडूनच काढून घेतलं, तेव्हा प्रतिसाद हमखास आला. सिनेमातलं पात्र तुम्हाला ‘पुन्हा सांग’ म्हणत नाही, वर्गातला जोडीदार म्हणतो.

मराठी येणाऱ्यांसाठी एक आनंदाची बातमी, जी कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ‘मि पियाचे’ म्हणजे ‘मला आवडतं’, आणि अनेक गोष्टी असतील तर ‘मि पियाच्चोनो’, ‘मला आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. माझा ब्रिटिश वर्गमित्र यावर आठवडाभर अडला होता. ‘सिनेमा मी पाहिला’ला ‘लो विस्तो’ आणि ‘चिठ्ठी मी लिहिली’ला ‘लो स्क्रित्ता’: कर्म पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, त्यावर शेवट बदलतो. हेही ओळखीचंच. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे ऐकणाऱ्या कानाला यात काय अवघड? हे सगळं मला इंग्रजीतून इटालियन शिकत असताना दिसतच नव्हतं.

आता मी बी1 पातळीला आहे. सिनेमामुळे आले की संभाषणामुळे? सांगता येत नाही. दोन्ही एकत्र चाललं, शिवाय रोज दुपारचं जेवण इटालियन लोकांसोबत, नमुना एक आणि नियंत्रण गट शून्य. हे वेगळं करून दाखवायचं तर किती गट घ्याल, काय समान ठेवाल, शेवटी ऐकणं मोजाल की बोलणं? प्रस्तावाचा सराव म्हणून एका पानात मांडून बघा. रोज जेवताना इटालियन बोलणाऱ्यांचं काय करायचं, यावर मी स्वतः अजून अडले आहे.

तंत्रज्ञ आता माझ्याशी मुद्दाम इटालियनच बोलतात. कळलं नाही की मी ‘स्कूझी, चोए?’ विचारते. मग ते तेच वाक्य पुन्हा, दुप्पट मोठ्या आवाजात सांगतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा ‘ज़्ब्रिनियामो’ आहे. फ्रीझरच्या दारावरची सूचना या वेळी माझ्याकडून लिहून घेतली, आणि त्यातली एक चूक त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून तशीच चिकटवून ठेवली आहे.