नारिंगी छपराखालची खात्री

नागपूरहून औरंगाबादला जाणारी रात्रीची एसटी आमच्या वाशिम जिल्ह्यातून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव करत मेहकरकडे निघायची. वाटेत ती एखाद्या ढाब्यावर थांबे. कुठे थांबायचे ते चालक-वाहक ठरवत. आम्ही फक्त उतरत असू. आई मात्र डब्यातलीच पोळी हातावर ठेवायची. ‘इथलं कसं असंल, काय सांगावं!’ पुढे हॉवर्ड जॉन्सन या अमेरिकी उपाहारगृहांचा इतिहास वाचताना आईचे हे वाक्य आठवले. ती सारी साखळी याच शंकेचे उत्तर म्हणून उभी राहिली होती.

हॉवर्ड जॉन्सन याने १९२५ साली बोस्टनजवळच्या क्विन्सीत औषधांचे एक लहान दुकान घेतले. तिथे तो आइस्क्रीम विकू लागला आणि त्याचे २८ स्वाद पुढे प्रसिद्ध झाले. १९३५ पासून त्याने आपले नाव आणि माल इतर मालकांना वापरायला दिला. मोटारी वाढत होत्या, पण अनोळखी गावात खावे कुठे, हा प्रश्न होताच. दुरून दिसणारे नारिंगी छप्पर हे त्याचे उत्तर ठरले. पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार होत आणि गोठवून शाखांना जात. त्यामुळे चव सगळीकडे सारखी.

१९४० मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोलरस्ता खुला झाला. त्यावरच्या थांब्यांवरील खानपान याच साखळीकडे आले. १९५४ मध्ये सव्हाना येथे तिचे पहिले मोटेल निघाले. १९७०च्या दशकात उपाहारगृहांची संख्या हजाराच्या घरात गेली.

ही खात्री सर्वांसाठी मात्र नव्हती. १९५७ मध्ये डोव्हर येथील शाखेत घानाचे अर्थमंत्री ग्बेडेमा यांना ते काळे म्हणून आत बसून संत्र्याचा रस पिऊ दिला नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांना न्याहारीला बोलावून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पुढे नव्या महामार्गांच्या फाट्याफाट्यावर स्वस्त, झटपट खाणे देणारे प्रतिस्पर्धी आले. १९७३च्या तेलटंचाईने प्रवासच आटला. १९७९ मध्ये कंपनी विकली गेली, नंतर तिचे तुकडे झाले. लेक जॉर्ज येथील शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद पडले. नाव आता हॉटेलांच्या पाट्यांवर तेवढे उरले आहे.

त्याच वर्षी, ११ डिसेंबरला, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचे सुमारे ९७ किलोमीटर वाशिम जिल्ह्यात आहेत. दोन्ही बाजूंना कुंपण. चढणे-उतरणे ठरलेल्या ठिकाणीच. जुन्या रस्त्यावर आता लांब पल्ल्याच्या गाड्या क्वचित दिसतात. ढाब्यांपुढच्या बाजा बहुतेक रिकाम्या असतात.

जॉन्सनची कथा मला एवढेच सांगते, की चव माणूस घडवतो, पण गिऱ्हाईक रस्ता आणून देतो. कुंपणाच्या रस्त्यावर थांबा कोणाला मिळतो, यावरच कोण जगणार हे ठरते. आईची शंका खोटी नव्हती. स्वच्छ ताट आणि स्वच्छ संडास मागणे हा प्रवाशाचा हक्कच आहे. पण ती खात्री आपल्या ज्वारीच्या भाकरीला आणि ठेचालाही देता येईल. त्यासाठी समृद्धीवरच्या थांब्यांत इथल्या माणसांना जागा हवी. नाहीतर ९७ किलोमीटर जिल्हा ओलांडूनही प्रवाशाला वाशिम कधी भेटणारच नाही.