धीर कुणी धरावा?

श्रोतेहो, आपल्या खानदेशात मृगाच्या पावसावर पेरलेल्या कपाशीची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मधले चार महिने शेतकरी वाट पाहतो, पण बांधावर बसून नव्हे. निंदणी, कोळपणी चालूच असते. धीर म्हणतात तो हाच. हात कामात असावेत, फळाची घाई नसावी.

बहिणाबाई चौधरींचेच पाहा ना. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले आणि घर, शेती सारे अंगावर पडले. पण जात्यावर बसल्या की, शेतात राबता राबता, त्यांना गाणी सुचत. ती कधी छापून येतील म्हणून त्या खोळंबल्या नाहीत. १९५१ साली त्या वारल्या. मग त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, यांनी उतरवलेली गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले.

पण इथे जरा थांबून विचार करा. ही गाणी आपल्यापर्यंत आली, ती घरच्यांनी वेळेवर वहीत उतरवली म्हणून. जी उतरवायची राहिली, ती बाईंबरोबरच गेली. म्हणजे रचणाऱ्याने धीर धरावा हे खरे. जतन करणाऱ्याने मात्र दिरंगाई करू नये.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ही गोष्ट पुरती ओळखून होते. जुन्या वाड्यांतली दप्तरे मिळवायला ते गावोगाव हिंडले. मालकाचे मन वळवायला चिकाटी लागे. पण वाळवी काही धीर धरत नाही, म्हणून हिंडणे थांबवून चालत नसे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे बावीस खंड झाले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाची राखण व्हावी म्हणून धुळेकरांनी लगेच राजवाडे संशोधन मंडळ उभे केले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावातही एखाद्या आजीला शंभर ओव्या पाठ असतील. त्यांचे पुस्तक केव्हा निघेल याची चिंता नको. मुलांना वही-पेन्सिल देऊन येत्या रविवारीच तिच्या ओट्यावर पाठवा. आजी सांगेल, मुले लिहितील. सोनाराने कान टोचावेत तसे तुमच्या शब्दाला वजन आहे, मुले ऐकतील.