न ठिबकणारी गळती

रब्बीचा हरभरा फुलोऱ्यात आला की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, घाटंजीकडच्या शिवारात विहिरीवरच्या मोटरीला उसंत नसते. शेतीची वीज चक्राकार पद्धतीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्या ठरलेल्या तासांतच ओलीत उरकायचं असतं. अशा वेळी मोटर सुरू आहे, तिन्ही फेज बरोबर आहेत, विहिरीत पाणी आहे आणि तरी पाइपाच्या तोंडाशी पाणी तुटक, दुधाळ आणि धापा टाकत येतं. शेतकरी एका वाक्यात निदान करतो : मोटर हवा घेते.

निदान बरोबर असतं, पण हवा शिरते कुठून हे शोधणं अवघड. मोटरीपुढच्या, म्हणजे डिलिव्हरीच्या पाइपात पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो. तिथे फट पडली तर पिचकारी उडते आणि लांबूनही दिसते. मोटर आणि विहिरीतलं पाणी यांच्यामधल्या सक्शन पाइपात मात्र दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथली फट बाहेर एक थेंबही सांडत नाही, ती बाहेरची हवा आत ओढते. सांधा कोरडा ठणठणीत असतो म्हणून माणूस त्याच्यावर संशय घेत नाही.

खरं तर पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा ते पाणी वर ढकलते. इटलीच्या टोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हवेचं हे वजन दाखवलं. समुद्रसपाटीला हवा पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकते. यवतमाळ शहर सुमारे ४४५ मीटर उंचीवर असल्याने इथे ही मर्यादा ९.८ मीटरच्या आसपास येते. पाइपातलं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की सहा-सात मीटरच हाती राहतात. बेसाल्टच्या कातळातल्या खोल विहिरींमध्ये मोटर काठावर न ठेवता आतल्या टप्प्यावर उतरवतात ती याचसाठी.

आत शिरलेली हवा एवढा घात का करते? विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच दांड्यावर असतात आणि त्या दांड्यावरचा पंखा पाणी गरगर फिरवून कडेला फेकतो. फेकलेल्या द्रवाच्या वजनावर त्याचा सारा जोर चालतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. ती पंख्याच्या मधोमध साचून बसते आणि पाण्याची वाट अडवते. पाण्यात काही टक्के हवा मिसळली तरी धार खचते. आणखी वाढली की पंप पाणी सोडून देतो आणि मोटर रिकामी फिरत राहते. पाण्याने गार राहणारं तिचं सील मग कोरडं घासून जळतं.

हा पंप महाराष्ट्राच्या घरचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांनी नाव कमावलेल्या या कारखान्याने १९२० च्या दशकात सेंट्रिफ्यूगल पंप करायला घेतले. पुढे गावोगाव वीज पोचली आणि मोटेची जागा मोटरीने घेतली. बोअरमधली सबमर्सिबल मोटर पाण्यातच बुडालेली असते आणि पाणी खालून वर ढकलते, त्यामुळे तिला सक्शनचा जाच नाही. पण उघड्या विहिरींवर आणि नाल्याकाठी मोनोब्लॉक अजून टिकून आहे, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि गावातल्या गावात खोलता येतो.

फट शोधायला क्रम लागतो. आधी विहिरीत पाहावं. फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची जाळी आणि झडप, पाण्यात निदान अर्धा मीटर बुडालेला हवा. पातळी उतरली की वर भोवरा धरतो आणि त्यातून हवा थेट आत जाते. तिथे दोष सांध्याचा नसतो.

भोवरा नसेल तर मेन स्विच बंद करावा, प्रायमिंगचं बूच उघडावं आणि पाइप काठोकाठ भरून थांबावं. आता पाइपात आतलं पाणी बाहेर दाबत असतं. चालू असताना हवा गिळणारी फट अशा वेळी बहुधा ठिबकू लागते. बुचातली पातळी उतरतेय आणि पाण्यावरचे सगळे सांधे कोरडे आहेत, तर संशय फुटबॉलवर घ्यावा. झडपेत काडी-कचरा अडकलेला असतो किंवा तिचं वायसर झिजलेलं असतं. शेणकाला ओतून झडप तेवढ्यापुरती बसवण्याची जुनी रीत आहे. आजचं ओलीत तिने होईल, पण वायसर बदलावंच लागतं.

काही फटी अशानेही ठिबकत नाहीत. मग मोटर चालू ठेवून सांध्याजवळ उदबत्ती धरावी. धूर ज्या बाजूला वळून ओढला जातो, तिथे फट. पंपाच्या तोंडापासून सुरुवात करून विहिरीकडे एकेक सांधा पाहत जावा : फ्लँजचं रबर, बुचाचे आटे, बेंड, उन्हाने तडकलेला पीव्हीसी, तारेच्या होजवरचा पट्टा. सांध्याला ओल्या मातीचा लेप देताच मोटरीचा आवाज बदलला, तर चोर सापडला. लेप देताना पाणी मोटरीवर वा स्टार्टरवर जाऊ नये आणि ओल्या हाताने वायरला शिवू नये.

ग्लँडची दोरी, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग, असलेल्या पंपात मात्र एक गळती राखावी लागते. चालू पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी यायलाच हवं. ते अडवायला नट करकचून आवळले तर दांडा तापतो, आणि दोरी सुकली की तिथूनच हवा शिरते.

या दुखण्याला ऋतूही आहे. विहीर भरलेली असते तेव्हा पाणी थोडंच वर चढायचं असतं, त्यामुळे पाइपातला दाब फारसा उतरत नाही. उन्हाळ्याकडे पातळी खाली जाते आणि ओढ वाढते. कोजागरीला गप्प असलेली फट होळीला बोलू लागते. दोष काल आला असं वाटतं, पण तो पेरणीपासून तिथेच असतो.

अशा वेळी दुकानात ऐकू येणारा सल्ला म्हणजे मोठी मोटर घ्या, तीनची पाच एचपी करा. मला हा सल्ला घातक वाटतो. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ओढलं की घर्षणाचं नुकसान जवळपास चौपट होतं. पंपाच्या तोंडाशी दाब आणखी उतरतो आणि तीच फट जास्त हवा गिळते. वीज जास्त जाते, विहीर लवकर उपसते आणि धार तुटकच राहते. कापूस-सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या जिल्ह्यात एका वायसरचं काम हजारोंच्या खरेदीने करणं परवडणारं नाही.

पुण्या-मुंबईच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाचा पंप याच घराण्यातला. तिथेही गाळणीच्या झाकणाखालची रबरी रिंग सुकली की पारदर्शक झाकणाआड बुडबुडे दिसतात आणि तलावात परतणाऱ्या धारेत हवा फुसफुसते. तिथे बिघाड झाला तर पोहणं चुकतं. इथे ओलिताची पाळी जाते आणि घाटे भरायच्या वेळी हरभरा तहानेला राहतो.

म्हणून ही विद्या दुरुस्तीच्या दुकानापुरती राहू नये. सक्शन पाइप पंपाकडे सलग चढता असावा, मधे उंचवटा नसावा, सांधे कमीत कमी असावेत, पाइप पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद नसावा हे विहिरीच्या अनुदानाबरोबरच शिकवायला हवं. तालुक्याच्या आयटीआयने दसऱ्यानंतर, रब्बीच्या तोंडावर, गावात एक दिवस पंप तपासणीचा ठेवावा. वायसर, टेफ्लॉन टेप, उदबत्ती आणि बादलीभर पाणी एवढ्या सामानात वाया जाणारे विजेचे तास वाचतील.