बोटीचे पाण्याखालचे दिवे
पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. स्वच्छ खोल समुद्रात निळा दूरवर पोचतो, तर कोकणातल्या खाड्यांसारख्या गढूळ पाण्यात हिरवा सरस ठरतो. दिवा निवडताना आधी हेच पाहावे. बाहेरून बसवायच्या दिव्याला स्क्रू आणि वायरपुरती छिद्रे पुरतात. आरपार बसणाऱ्या दिव्याला मोठे भोक पाडावे लागते. भोक कोणतेही असो, ते सागरी सीलंटने नीट बंद करावे. इथली हयगय बोट बुडवू शकते. वायरीवर फ्यूज हवाच. बरेच दिवे पाण्यानेच थंड राहतात, म्हणून बोट किनाऱ्यावर असताना ते फार वेळ लावू नयेत. मात्र अशा एलईडी प्रकाशाने मासे गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये समुद्रातील अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. ती रास्तच आहे, कारण प्रकाशाकडे लहान पिल्लेही ओढली जातात.