आवर्तनातून वेळेआधी बाहेर पडणे : 'ब्रेक' या आज्ञेचा विचार

सुरत जिल्ह्यातील कडोदरा परिसरात यंत्रमागांचे कारखाने आहेत. माग हे एकच क्रिया पुन्हा पुन्हा करणारे यंत्र होय. ताण्याचे धागे वर-खाली होतात, त्यांतून बाण्याचा धागा जातो, फणी तो ठोकून बसविते आणि पुन्हा तेच. ताण्याचा एक धागा तुटूनही माग चालूच राहिला, तर कापडात लांबवर दोष पडत जातो. म्हणून स्वयंचलित बंद पडण्याची सोय असलेल्या मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री अडकविलेली असते. धागा तुटताच पत्री खाली पडते आणि माग थांबतो.

संगणकाच्या आज्ञावलीतील लूप हेही असेच आवर्तन आहे. ४०० विद्यार्थ्यांच्या यादीत एक हजेरी क्रमांक शोधायचा आहे आणि तो सातव्या जागी सापडला, तर उरलेली ३९३ नावे तपासणे व्यर्थच. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या 'सी' भाषेत यासाठी 'ब्रेक' ही आज्ञा आहे. 'कंटिन्यू' ही आज्ञा मात्र लूप संपवीत नाही. ती चालू फेरीचा उरलेला भाग सोडून पुढच्या फेरीकडे जाते. नवशिके या दोहोंत हमखास घोटाळा करतात. शिवाय सर्वाधिक गुण कोणाचे, हे पाहायचे असेल तर यादी शेवटपर्यंत वाचावीच लागते; तेथे मध्येच थांबल्यास उत्तर चुकू शकते.

एका मागाची पत्री पडली म्हणून शेजारचा माग थांबत नाही. 'ब्रेक'चेही तसेच आहे. लूपमध्ये लूप असेल तर तो फक्त आतला लूप संपवितो. 'सी'मध्ये तो 'स्विच' या रचनेतूनही बाहेर काढतो, 'इफ'मधून मात्र नाही. हा भेद विसरण्याची किंमत १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील ए.टी. अँड टी. कंपनीने मोजली. 'स्विच'च्या आतील 'इफ'मध्ये लिहिलेल्या एका 'ब्रेक'मुळे आवश्यक काम अर्धवट सोडून आज्ञावली बाहेर पडली. एक दूरध्वनी केंद्र बंद पडून पुन्हा सुरू झाले. त्याचे संदेश मिळताच शेजारची केंद्रेही तशीच कोलमडली. तीच आज्ञावली ११४ केंद्रांत बसविलेली होती. दूर पल्ल्याची सेवा सुमारे ९ तास विस्कळीत राहिली.

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६८ साली 'गो टू' या मुक्त उडीवर टीका केली, तेव्हापासून आवर्तनाला एकच दार असावे असा आग्रह धरला जाऊ लागला. १९७४ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी दाखविले की काही ठिकाणी मधूनच बाहेर पडणे अधिक स्पष्ट ठरते. शोधाच्या कामात नुथ यांचेच म्हणणे पटते. 'जावा' भाषेत तर लूपला नाव देऊन 'ब्रेक'ला नेमका कोणता लूप संपवायचा, हे सांगता येते.